वाळली की सांगेन

मित्रांनो, मी एक जुनी शिडी आहे. अकरा पायऱ्यांची, लाकडी, उजव्या अंगाला जराशी कललेली. एका इस्त्रीच्या दुकानामागे, परसातल्या भिंतीला टेकून मी उभी असते. शिडीला असं काय सांगायचं असणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटत होतं. पण गेल्या वर्षी माझ्यासमोर इतक्या गोष्टी घडल्या, आणि त्यातल्या इतक्या मला कळल्याच नाहीत, की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही शाळेत जाता, गणितं सोडवता. माझं जिथे चुकेल तिथे मनातल्या मनात सुधारून घ्या.

माझा जन्म ह्याच परसात झाला. ह्या घराचे मालक सुतार होते. आख्ख्या गल्लीला दारं-खिडक्या त्यांनी करून दिल्या. पण स्वतःच्या गच्चीवर जायला त्यांच्या घरी काही नव्हतं. पाण्याच्या पिंपावर स्टूल, स्टुलावर पाय आणि मग गच्चीच्या कठड्याला लोंबकळायचं, अशी तऱ्हा. एक दिवस त्यांची बायको कडाडली, "लोकांची घरं सजवता आणि आपण माकडासारख्या उड्या मारायच्या?"  चौकटींतून उरलेलं लाकूड सुतारबाबांनी बाहेर काढलं आणि दोन दिवसांत मला उभी केली.

माझ्या अंगात एकही खिळा नाही, हे मी थोड्या अभिमानाने सांगते. दोन उभे दांडे, त्यांत भोकं, भोकांत पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीच्या टोकाला सरस लावून ठोकलेली पाचर. तयार झाल्यावर सुतारबाबांनी प्रत्येक पायरीवर उभं राहून दोन-दोन उड्या मारल्या. माणूस चांगला वजनदार होता. मी हूं की चूं केलं नाही. बायकोने माझ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "एवढी गुळगुळीत कशाला केलीत? दिवाणखान्यात टांगायची आहे का?" तिची स्तुती अशीच असते. ती ऐकायची सवय व्हावी लागते. घरातले सगळे तिला आई म्हणतात, म्हणून मीही आईच म्हणेन.

ते माझे सोन्याचे दिवस होते. टाकी धुवायची तर मी, गाद्यांना ऊन दाखवायचं तर मी. कुणाचं मांजर पत्र्यावर अडकलं की गल्लीतून हाक यायची, "सुतारांची शिडी आणा रे!" मी चार घरं फिरून संध्याकाळी परत यायचे. अशाच एका फेरीत एका रंगाऱ्याने रंगाचा भरलेला डबा माझ्या चौथ्या पायरीवर आपटला आणि पायरीला तडा गेला. खालून मोजायचं बरं का मित्रांनो, खालून चौथी.

सुतारबाबांनी ती काढून टाकली. तिच्या जागी राखून ठेवलेल्या जुन्या, मुरलेल्या लाकडाची नवी पायरी सरस लावून बसवली. बाकीच्या दहा एकीकडे आणि ही एक एकीकडे, इतकी ती मजबूत होती. काम संपवून हात पुसत त्यांनी घरात ओरडून सांगितलं, "दोन दिवस चौथीवर कुणी पाय देऊ नका. वाळली की सांगेन."

दुसऱ्या दिवशी ते परगावी एका कामावर गेले. तिसऱ्या दिवशी पायरी खणखणीत वाळली. चौथ्या दिवशी पुढच्या दारात खूप माणसं जमली. मागे परसात कुणीच आलं नाही. मला काही कळेना. बऱ्याच दिवसांनी आई मागे आली, माझ्याशेजारच्या धुण्याच्या दगडावर बसली आणि पदर तोंडात धरून रडली, तेव्हा मला समजलं की सुतारबाबा आता येणार नाहीत.

आणि ते आले नाहीत म्हणून कुणी सांगितलंच नाही. "वाळली" हा एक शब्द सांगायचा राहून गेला.

पुढे काय झालं ऐका. मुलगा गच्चीवर चढताना तिसरीवरून लांब ढांग टाकून पाचवीवर जायचा. आधी वडिलांनी बजावलं म्हणून, मग वडिलांची आठवण म्हणून, आणि मग नुसतीच सवय म्हणून. त्याचं लग्न झालं. नव्या सुनेला पहिल्याच आठवड्यात आईने बजावलं, "चौथीवर पाय द्यायचा नाही हं."

"का?"

"नाही द्यायचा. आपल्याकडे नाही देत."

सूनबाईंना आपल्याकडच्या बऱ्याच गोष्टी अशाच सांगितल्या गेल्या होत्या. त्यांत ही एक. तीही ढांग टाकू लागली. बारा वर्षं, मित्रांनो! बारा वर्षं माझ्या सगळ्यात भक्कम पायरीवर एकही पाय पडला नाही. ती अजून कोरी दिसते. आणि तिसरीवरून उचललेलं सगळं वजन, गाद्यांसकट, बादल्यांसकट, धाडकन पडायचं ते बिचाऱ्या पाचवीवर. तिच्या पोटाला, खालच्या बाजूने, केसाएवढी चीर गेली. वरून बघणाऱ्याला ती दिसत नाही. मला मात्र ती रोज कळायची. सांगणार कसं? शिडीला तोंड नसतं.

मुलाला लाकडातलं काही कळत नव्हतं. त्याने इस्त्रीचं दुकान घातलं. घराच्या पुढच्या खोलीत लांब टेबल, त्यावर घोंगडी, त्यावर पांढरी चादर, आणि दोन जड विजेच्या इस्त्र्या. एक तो चालवायचा, एक सूनबाई. गल्ली त्याला इस्त्रीवालाच म्हणते. हात चांगला आहे त्याचा. शर्टाची कॉलर अशी करतो की गिऱ्हाईक आरशात दोनदा बघतं. पण इस्त्री वीज खाते. दर महिन्याला बिल आलं की दोघं मागच्या दारात येऊन ते वाचायची. पुढे गिऱ्हाइकांसमोर कपाळाला हात लावता येत नाही ना. शेवटी एक इस्त्री बंद करून कपाटात ठेवली. सूनबाई नुसत्या घड्या घालू लागली. आणि एके दिवशी इस्त्रीवाला आईला म्हणाला, "दूरच्या शहरात एका हॉटेलच्या लाँड्रीत जागा आहे. मी जातो. महिन्याला पैसे पाठवत जाईन."

आईने भांडं जोरात आपटलं. "एक गेला परगावी कामाला. त्याचं काय झालं ते बघितलं मी. तू कुठेही जायचं नाहीस."

तेव्हा सूनबाईंनी गच्चीवर सोलर बसवायचं काढलं. उन्हावर वीज करतात म्हणे. ऊन तर माझ्या अंगावर जन्मभर पडतंय, त्याने माझा रंग उडाला फक्त. पण असेल बुवा, म्हटलं.

इथून माझा गोंधळ सुरू झाला, मित्रांनो, आणि तो अजून पुरता मिटलेला नाही.

पहिला आला तो गॉगलवाला. माझ्या तिसऱ्या पायरीपर्यंत चढला, तिथूनच गच्चीकडे मान उंचावून बघितलं आणि म्हणाला, "तीन किलोवॅट बसतील. एक लाख दहा हजार." मला वाटलं, किलोवर मिळतं म्हणजे तराजूत घालून देत असतील.

दुसरी आली ती टेपवाली बाई. तिच्या कमरेला मोजायची टेप आणि कानामागे पेन्सिल. ती खरंच वर जायला निघाली. "चौथीवर पाय देऊ नका!" तिघं एकदम ओरडली. ती दचकली. "मोडकी आहे का?" "तसंच आहे ते," इस्त्रीवाला म्हणाला. बाईने बिचारीने लांब ढांग टाकली आणि माझी पाचवी आतून चुरचुरली. तिने सगळी गच्ची मोजली, कुठल्या भिंतीची सावली किती वाजता कुठे पडते ते विचारलं, आणि खाली येऊन म्हणाली, "एक लाख नव्वद."

सगळ्यांचे चेहरे पडले. त्याच गच्चीचे, त्याच उन्हाचे ऐंशी हजार जास्त?

तिसरा आला तो फोनवर बोलतच आला, फोनवर बोलतच गेला. मधे त्याने एक लाख साठ सांगितले. इस्त्रीवाला म्हणाला, "गॉगलवालाच बरा." आई म्हणाली, "जो शिडी चढला नाही, त्याचं काय खरं धरायचं?" तीन माणसं, तीन आकडे. मला तर वाटलं, तीन तिघाडा आणि काम बिघाडा.

पण सूनबाई चिकट. दुपारी दुकान बंद असताना ती माझ्या सगळ्यात खालच्या पायरीवर येऊन बसली आणि कपड्यांना लावायच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर लिहीत राहिली. तिघांनाही तिने पुन्हा फोन लावला. एकेकाला एकच प्रश्न विचारला, "ह्यात काय धरलंय आणि काय नाही?" आणि मग ती एकटीच हसायला लागली. नवऱ्याला हाक मारून मागे बोलावलं.

"अहो, तिघं एकच सांगतायत!"

"एकच कसं? एक दहा, एक साठ, एक नव्वद."

"ऐका तर. सरकारकडून साठ हजार अनुदान मिळतं. शिवाय आपली पालिका वीस हजार देते, घरात छोटा धंदा असला की. हे ऐंशी हजार गॉगलवाल्याने आधीच वजा करून सांगितलेत. फोनवाल्याने वजा केले नाहीत, पण लोखंडी स्टँड आणि वायरिंगचे तीस हजार धरलेच नाहीत. टेपवालीने सगळं धरलं आणि काहीच लपवलं नाही."

इस्त्रीवाल्याने चिठ्ठी उलटसुलट करून बघितली. मीही मनातल्या मनात बेरीज केली. तुम्हीही करून बघा. मला ती अजून जमलेली नाही, पण सूनबाई म्हणते म्हणजे बरोबरच असणार. सोलर लावणाऱ्याला पालिकेच्या घरपट्टीतही काही सूट असते म्हणे. ती किती, ते तर कुणालाच नीट सांगता आलं नाही.

एक गोष्ट मात्र मला मुळीच कळेना. अनुदान द्यायचंच आहे तर आधीच कमी का घेत नाहीत? आधी सगळं काम करायचं, मग कागद द्यायचे, मग वाट बघायची, आणि मग त्यातलं थोडं परत येणार. आईनेही हेच विचारलं. टेपवाली म्हणाली, "नियम तसा आहे, आई." आई म्हणाली, "नियम करणाऱ्याला कधी उसनं मागायची वेळ आलेली नाही."

शेवटी आईने बँकेत ठेवलेले एक लाख दहा हजार काढले. सुतारबाबांच्या कष्टाचे होते ते. उरलेल्या ऐंशीसाठी टेपवाली थांबायला तयार झाली, पण तीनच महिने. तेवढ्यात अनुदान आलं तर ठीक. नाही आलं तर उरलेली इस्त्रीसुद्धा विकावी लागणार आणि इस्त्रीवाल्याला दूरच्या शहराची वाट धरावी लागणार. हे सगळं माझ्यासमोर, धुण्याच्या दगडावर बसून ठरलं.

पॅनेल बसवायला माणसं आली ती स्वतःची शिडी घेऊन. चकाकती, हलकी, घडी घालता येणारी. त्यांतला एक माझ्याकडे बघून म्हणाला, "ही कुठल्या जमान्यातली?" मला परसातच भिंतीकडेला आडवी टाकली. तीन दिवस मी आडवी होते. आडव्या शिडीला आभाळ दिसतं, पण उपयोग काही नसतो. चौथ्या दिवशी ती चकाकती शिडी त्यांच्याबरोबर गेली, आणि मला पुन्हा भिंतीला उभी केली.

सरकारचा अर्ज टेपवालीने भरून दिला. आता पालिकेचा. सूनबाई दोनदा जाऊन हात हलवत परत आली. खिडकीवर पाटी होती, 'अर्ज स्वीकारणे तूर्त बंद'. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणत सगळ्यांनी मान डोलावली. आपल्या हाती तर तीनच महिने, त्यातले दोन असेच सरले.

मग एके सकाळी पालिकेतले एक कारकून स्वतःचे शर्ट न्यायला आले. सहाच्या सहा शर्ट निळे. मागच्या दारात हात धुवायला आले तेव्हा गच्चीकडे बघून म्हणाले, "अरे वा, सोलर बसवलं? मग अर्ज का नाही केला?"

"खिडकी बंद आहे ना, साहेब. पाटी आहे."

"कुठली पाटी? ती होय! ती मागच्या वर्षी दोन दिवस यंत्र बंद होतं तेव्हाची. खिळा गंजलाय, निघत नाही."

"मग लोकांना कळणार कसं?"

"आत येऊन विचारायचं ना."

 त्याच दिवशी सूनबाई दुकान उघडं टाकून पालिकेत गेली. कागद सगळे बरोबर होते. फक्त एक बाकी होतं. घर आईच्या नावावर, म्हणून घरमालकीण आणि पॅनेल एकत्र दिसतील असा फोटो हवा. दुसऱ्याच्याच गच्चीचे फोटो लावून काही लोकांनी पैसे उचलले होते म्हणे, म्हणून हा नियम. अर्जाची शेवटची तारीख दोन दिवसांवर.

मित्रांनो, आईला बहात्तरावं लागलं होतं. दोन्ही गुडघे धरलेले. बारा वर्षांत तिने माझ्या पहिल्या पायरीवरसुद्धा पाय ठेवला नव्हता.

"मी पाठीवर घेऊन जातो," इस्त्रीवाला म्हणाला.

"मी काय धुण्याचं गाठोडं आहे?" आई म्हणाली. "चढेन मी."

"पडलात तर?" सूनबाई म्हणाली. "राहू द्या ते वीस हजार. आपण काहीतरी करू."

"काय करशील? इस्त्री विकशील आणि ह्याला पाठवशील?" आई म्हणाली. "शिडी त्यांनी केलेली आहे. त्यांची शिडी मला पाडायची नाही."

हे ऐकलं आणि मला रडू यावं असं वाटलं. शिडीला तेही येत नाही. पाचवी पायरी आता एका धाग्यावर होती. तिसरीवरून ढांग टाकून आईचं सगळं वजन तिच्यावर पडलं की ती मोडणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. सुतारबाबांची शिडी त्यांच्याच बायकोला पाडणार होती. मी स्वतःला विचारत होते, आत्ताच वाऱ्याने खाली पडून तुकडे होता येईल का? त्या दिवशी पानसुद्धा हलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला टेपवाली आली. तीन आणि दोन पाच करत, म्हणजे ढांग टाकत, ती फोन घेऊन गच्चीवर जाऊन उभी राहिली. पाचवी एवढी करकरली की मला वाटलं, गेली. पण इस्त्रीवाला तेव्हा आईच्या चपला बाजूला ठेवत होता, त्याला ऐकू गेलं नाही. मग त्याने माझे दोन्ही दांडे घट्ट पकडले. सूनबाई आईच्या मागे हात पसरून उभी राहिली. आईने पदर खोचला.

पहिली पायरी. दुसरी. तिसरी. आई थांबली. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"आता चौथी सोड, आई. मोठं पाऊल टाक. मी धरलंय."

आईने गुडघा उचलला. अर्ध्यावर आला आणि अडला. तिने पुन्हा उचलला. पुन्हा अडला.

"नाही येत रे. एवढा वर नाही येत."

"मग उतर. उतर खाली."

"थांब जरा."

आणि आईने पाय चौथीवर ठेवला.

"आई!" दोघंही किंचाळली. "चौथी! चौथी!"

मित्रांनो, बारा वर्षांनी त्या पायरीवर माणसाचा पाय पडला. मी सगळी ताकद तिथे आणली. पण माझी ताकद लागलीच नाही. पायरी जागची हलली नाही, तिने साधा आवाजसुद्धा केला नाही. आईने दुसरा पायही उचलून तिच्यावर ठेवला. उभी राहिली. हळूच टाच आपटून बघितली. सुताराची बायको ती. लाकूड वाजवून बघायचं तिला कुणी शिकवायला नको.

"ही तर घट्ट आहे," ती म्हणाली. तिचा चेहरा गोंधळलेला होता. "अरे, ही तर सगळ्यात घट्ट आहे."



"वाळली की सांगेन म्हणाले होते," आई हळूच म्हणाली. "आणि मी वेडी, वाट बघत बसले. स्वतः हात लावून बघितलं नाही."

मग तिने एक पाय पाचवीवर नुसता टेकवला. चौथीवर दुसरा पाय भक्कम होता, म्हणून पाचवीवर भार पडला तो अर्ध्याहून कमी. तेवढ्यानेही ती कडाड्‌ करून मधोमध मोडली. सूनबाईंनी डोळे मिटून घेतले. इस्त्रीवाल्याचे हात माझ्या दांड्यांवर पांढरे पडले. आईने मात्र पाय शांतपणे मागे घेतला आणि दोन्ही हातांनी मला धरून चौथीवर उभी राहिली. ढांग टाकून आली असती तर त्या मोडक्या पायरीतून सरळ खाली फरशीवर गेली असती. हे तिघांनाही एकाच वेळी कळलं असावं, कारण इस्त्रीवाला एकदम लहान मुलासारखा रडू लागला.

"रडतोस काय? मी पडलेय का?" आई म्हणाली. "धर नीट. आणि पाचवीवर कुणी पाय देऊ नका. ही खरोखर मोडली आहे."

वर टेपवाली गच्चीच्या काठाशी अवघडून बसली होती. तिला खाली उतरता येईना आणि आईला वर जाता येईना. पण डोकं तिचं चालतं. तिने फोनवर नियम पुन्हा वाचला. "मालक आणि पॅनेल एकत्र दिसले पाहिजेत, एवढंच लिहिलंय. मालक गच्चीवरच उभे पाहिजेत असं कुठे आहे?" मग ती गच्चीवरून शेजारच्या माडीच्या गॅलरीत उतरली. तिथे वाळत घातलेले दोन टॉवेल बाजूला सारले आणि ओरडली, "आई, इकडे बघा!"

आईने बघितलं. वर पॅनेल, खाली चौथ्या पायरीवर आई, आणि मी. माझा आयुष्यात काढलेला एकच फोटो आहे आणि तो पालिकेत जमा आहे.

कारकुनांनी फोटो हातात घेऊन विचारलं म्हणे, "ह्यात शिडी कशाला?" सूनबाई म्हणाली, "नियमात शिडी नको असं लिहिलंय का?" त्यांनी शिक्का मारला.

पुढचं मला धड सांगता येणार नाही. एक अनुदान आलं म्हणाले, मग दुसरं येतंय म्हणाले, मग तेही आलं म्हणाले. टेपवाली येऊन चहा पिऊन हसत गेली. पैसे कुठून आले, कुठे गेले, मला काहीच दिसलं नाही. आता तर म्हणे आपली वीज दिवसा बाहेर जाते आणि संध्याकाळी परत येते, आणि मीटर दोन्ही मोजतो. गेलेली वीज परत कशी येते? मी विचार करणं सोडून दिलंय. मला एवढंच कळतं, की कपाटातली इस्त्री बाहेर आली. दुपारी मागच्या दारातून आता दोन इस्त्र्यांची वाफ येते आणि इस्त्रीवाला घरीच आहे.

माझ्यासाठी सुतार आणला. सुतारबाबांच्या हाताखाली शिकलेला होता तो. त्याने मोडकी पाचवी काढली, मला उलटी करून बाकीच्या दहा पोटाकडून तपासल्या आणि नवी पाचवी बसवली. जाताना म्हणाला, "दोन दिवस पाय देऊ नका हं."

"आणि मग?" आईने विचारलं.

"मग काय, द्यायचा."

आई दोन दिवस माझ्यासमोर स्टूल टाकून बसली. तिथेच भाजी निवडली, तिथेच वर्तमानपत्र वाचलं. कुणी जवळ आलं की बोटाने दटावायची. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने पाचवीवर मुठीने तीन वेळा वाजवलं आणि कान लावला. मग घरात गेली. "वाळली हो!" मुलाला सांगितलं, सुनेला सांगितलं. दोघं हसली. पुढे दुकानात कारकून निळे शर्ट न्यायला आले होते, त्यांनाही सांगितलं.

"काय वाळलं?" ते गोंधळले.

"आमची पायरी. तुमच्या पाटीचं काय झालं?"

ते काहीतरी पुटपुटले. पण त्या आठवड्यात पक्कड आणून कुणीतरी तो गंजका खिळा उपटला, असं सूनबाई सांगत होती. खिडकीसमोर आता रांग असते म्हणे.

मित्रांनो, मी एक जुनी शिडी, माझं शहाणपण अकरा पायऱ्यांएवढंच. किलोवॅट मला कळले नाहीत आणि अनुदानही कळलं नाही. पण तुमच्या घरी माझ्यासारखं काही जुनं असेल, तर वर्षातून एकदा तरी ते उलटं करून खालून बघा. आणि काही दुरुस्त केलंत तर घरच्यांना नक्की सांगा. सांगणारा राहिला नसेल, तर तुम्हीच हळूच पाय ठेवून बघा.

काल आई पुन्हा आली होती. काही काम नव्हतं. एक, दोन, तीन पायऱ्या चढली, चौथीवर थोडा वेळ उभी राहिली आणि उतरून गेली.